काळ्या पडद्याआड बाराशे बारा वाक्यं

मंगळवार, ९ जून

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वहिनींचा फोन. "वन्सं, तो पडदा काळाच राहिलाय. वर पांढरी दोन ओळी अक्षरं आणि खाली काहीतरी लुकलुकतंय. हे म्हणतात, तिलाच विचार."

तिलाच — म्हणजे मलाच. बरोबर आहे. रविवारी दादाच्या संगणकाला, त्या मशीनला, शेवटचा हात माझा लागला होता.

कॉलेजातून साडेतीनला निघाले ती थेट दादाकडे. मागच्या खोलीत सगळं जसंच्या तसं — भिंतींवर टांगलेल्या रजया, खिडकीत कोंबलेली उशी, माइक, आणि माइकचा स्टँड पडू नये म्हणून त्यावर ठेवलेलं दुकानातलं पाच किलोचं वजन. दादा तराजू आणि काटे दुरुस्त करतो, त्यामुळे घरात वजनांना तोटा नाही. फक्त मशीन तेवढं मुकं.

पडद्यावर लिहिलं होतं की 'नॉर्मल' नावाची फाइल सापडत नाही. त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब म्हणजे मशीन जागं करणारा प्रोग्रॅम) आणि लुकलुकणारी रेघ. रोज येणारी यादी, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा बूट मेनू, आलाच नाही.

"नॉर्मल सापडत नाही म्हणे," दादा त्या घोगऱ्या कुजबुजीत म्हणाला. "माझंही तेच म्हणणं आहे."

वहिनी हसल्या नाहीत. मीही नाही.

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. पुढच्या गुरुवारी, अठराला, दादाचं स्वरयंत्र काढणार. सगळंच. त्यानंतर त्याला आवाज नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सोळाशे वाक्यांची यादी दिली आहे. ती त्याने वाचून रेकॉर्ड केली की त्यावरून एक आवाज तयार होतो. पुढे तो टाइप करेल आणि मशीन त्याच्या आवाजात बोलेल. सोमवारपर्यंत बाराशे बारा वाक्यं झाली होती. ती सगळी या मशीनमध्ये. माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवर फक्त पहिली सहाशे चाळीस. पुढची मी रविवारी उतरवून घेणार होते — सिस्टिम अपडेट करून झाल्यावर. आधी उतरवून, मग अपडेट! प्रयोगशाळेत मुलांना क्रमावरून ओरडणारी मी.

आणि पुन्हा वाचून घेऊ म्हणावं तर आवाज रोज बसतोय. मे महिन्यातला आवाज आता कुणीही परत आणू शकत नाही.

बुधवार, १० जून

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात.

रविवारी अपडेट अडलं, कारण सुरुवातीच्या फाइलींचा जो छोटा कप्पा असतो तो भरला होता. मी हाताने जुन्या फाइली काढल्या. दादा शेजारी बसून बघत होता, मी एकेक समजावत होते. मग पडद्यावर आलं, 'आता पुन्हा सुरू करा', आणि वहिनींनी जेवायला हाक मारली, म्हणून मी 'नंतर' दाबलं. दादाने त्या रात्री मशीन बंद केलं नाही, झोपवूनच ठेवलं. सोमवारीही त्याने त्यावर वाचलं. म्हणजे रविवारी केलेली चूक मंगळवारी सकाळी मशीन खरोखर बंद होऊन सुरू झाल्यावरच दिसणार. हे तर्काला धरून आहे.

माझी वही काढली. दिलेली प्रत्येक कमांड मी लिहून ठेवते. वहीत दोन ओळी आहेत.

कमांड मी तीन दिल्या होत्या. तिसरी काय होती?

गुरुवार, ११ जून

संगणक विभागातल्या सहकाऱ्याने पेन ड्राइव्ह दिला. त्यावरून अख्खी सिस्टिम चालते, डिस्कला हात न लावता. त्याला सगळे पेंग्विन म्हणतात, चालण्यावरून, आणि त्याला ते आवडतं. "दोन गोष्टी लक्षात ठेव," तो म्हणाला. "नव्याने इन्स्टॉल कर असं कुणी सांगितलं तर त्याच्या हातातून मशीन काढून घे. आणि घाबरून कमांड देऊ नको. घाबरायचं तर हात मागे बांधून घाबर."

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं! डिस्क दिसली. तीन कप्पे. पहिला दुसऱ्या सिस्टिमचा — त्यात दादाची काट्यांची प्रमाणपत्रं. दुसरा छोटा, सुरुवातीचा. तिसरा मोठा, कुलूपबंद. वाक्यं त्यात.

छोटा कप्पा उघडला. मूळ फाइली आहेत. पण ग्रबचा फोल्डर, ज्यात तो मेनू असतो, तो नाही. रिकामा नाही — नाहीच! अपडेट अर्धवट राहिलं म्हणून असा फोल्डर जात नाही. तो कुणीतरी काढावा लागतो.

म्हणजे तिसरी कमांड. म्हणजे मी.

पण वाक्यं शाबूत असायला हवीत. कुलूप उघडलं की उतरवून घेता येतील. कुलूप मीच बसवून दिलं होतं. आवाज म्हणजे माणसाची सही, ती उघडी ठेवू नये, असं भाषणही दिलं होतं. वर, "पासवर्ड मला सांगू नकोस, वहिनींना सांगू नकोस, कुठे लिहूनही ठेवू नकोस." दादाने शब्दन् शब्द पाळला.

दादाला बोलावलं. तो बसला, टाइप केलं. चुकीचा. पुन्हा. चुकीचा. तिसऱ्यांदाही.

"रोज तर टाकतोस," मी म्हटलं.

"रोजचा पडदा निळा असतो. समोर निळा दिसला की बोटं चालतात. मला थोडाच माहीत आहे? बोटांना माहीत आहे."

हे मला पटतं. माझ्याही कपाटाचा नंबर मला सांगता येत नाही, फिरवता येतो. तर मग तोच पडदा त्याच्यापुढे आणायचा. म्हणजे बूट मेनू दुरुस्त करायचा, आतल्या कुलपाला धक्का न लावता.

आठवडा उरला.

शुक्रवार, १२ जून

सर्जनकडे तिघं गेलो. खोलीत वजनाचा काटा होता. दादाने जाता जाता त्यावर अंगठा दाबून बघितला आणि मान हलवली. "दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो." सर्जनना ते काही आवडलं नाही.

मग दादाने खिशातून चिठ्ठी काढून पुढे ठेवली. वाक्यं पूर्ण होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलता येईल का?

सर्जन म्हणाले, "अठरा तारीख सोडली तर माझ्याकडे पुढची तारीख महिन्यानंतरची आहे. गाठ महिना थांबणार नाही. आता ती कापून काढता येते. महिन्याने मी हेच वाक्य बोलू शकेन की नाही, सांगता येत नाही."

दादा कुजबुजला, "सोळाशे झाली की झोपतो टेबलावर. त्याआधी नाही. हे मी आधीच सांगितलंय."

त्याने खरंच आधी सांगितलं होतं. एप्रिलमध्ये. तेव्हा आम्ही दोघी खूश झालो होतो, की चला, कबूल तर झाला! तेव्हा ती अट वाटली नव्हती.

बाहेर वहिनी माझ्याशी हळू आवाजात, पण दात आवळून — "वन्सं, तीस वर्षं हा माणूस माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' एवढंच बोलला. मला ते पुरलं. मला मुका नवरा चालेल. तुम्हीच आणलंत ना हे आवाजाचं खूळ? आता तुमच्या त्या मशीनपायी तो टेबलावर जाणार नसेल, तर मी काय करायचं?"

 

खूळ मीच आणलं. त्याच्यासाठी आणलं, का त्याचा आवाज मला हवा होता म्हणून? आई गेल्यावर मला 'शास्त्रज्ञबाई' म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. ही गोष्ट मी कुठल्याही वहीत लिहिली नव्हती. आज लिहिली.

शनिवार, १३ जून

कॉलेजात तोंडी परीक्षा. एका मुलीला विचारलं, "निरीक्षण आधी की अनुमान आधी?" तिने बरोबर सांगितलं. मी तिला पूर्ण गुण दिले, मनात स्वतःला शून्य.

रविवार, १४ जून

सकाळी नऊला दादाकडे.

पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, छोटा कप्पा जोडला, डिस्कच्या तोंडाशी ग्रब पुन्हा बसवलं. प्रत्येक कमांड आधी वहीत, मग मशीनवर. एंटर दाबायच्या आधी दोनदा वाचायची. डिस्कचं नाव तर चार वेळा — तिथे एक अक्षर चुकलं तर पेन ड्राइव्हऐवजी डिस्क, डिस्कऐवजी पेन ड्राइव्ह!

'काही चूक आढळली नाही.' एवढंच उत्तर आलं. कुणी मला इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. मेनू नाही, मेनूची फाइल कुलपाच्या आत गेल्याशिवाय नीट बनत नाही. पण आता 'रेस्क्यू' शब्दही गेला होता. नुसतं 'ग्रब' आणि रेघ. हे पेंग्विनने सांगितलंच होतं — इथे मेनूचं काम आपण हाताने करायचं. तीन ओळी. कप्पा कुठला, मूळ फाइल कुठली, तिच्या सोबतची फाइल कुठली. मग 'बूट'.

पहिल्या वेळी तिसरी ओळ द्यायची राहिली. पडदाभर अक्षरं धावली आणि शेवटी 'कर्नल पॅनिक'. म्हणजे मशीनने मधेच हात टेकले. वास्तविक त्याने काहीही बिघडत नाही, बटण दाबून पुन्हा सुरू करायचं. हे माहीत असून पाच मिनिटं मी खुर्चीत नुसती बसून होते. वहिनी दारातून बघून गेल्या. 

दुसऱ्या वेळी तीनही ओळी. 'बूट'.

निळा पडदा!

"दादा!" मी ओरडले. "आला तुझा निळा!"

दादा आला. दारात उभा राहून पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. तो बसला, बोटं ठेवली, आठ-दहा ठिपके उमटले, एंटर. चुकीचा.

"बघ. बोटंसुद्धा विसरली."

"पुन्हा टाक ना."

"दमलोय. उद्या बघू." आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

उद्या! उद्या सोमवार. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. ताणाने माणूस असं विसरतो, हे मी कुठेतरी वाचलेलं आहे. मग चिडले का मी त्याच्यावर? चूक माझी, आजार त्याचा, आणि चिडणारी मी.

सोमवार, १५ जून

घाईत लिहितेय. अक्षर वाईट येईल.

अकरा वाजता प्रयोगशाळेत वहिनींचा फोन. आवाजात किती दिवसांनी सुटकेचा सूर! "वन्सं, तुम्ही फार केलंत, पण आता जाणकाराला दाखवू म्हटलं. सामानाच्या चाकाच्या पिशवीत घालून नेलं मी मशीन, कोपऱ्यावरच्या दुकानात. ते म्हणाले, तासाभरात नव्यासारखं करून देतो."

नव्यासारखं!

मी ॲप्रन घालूनच बाहेर पडले. जाता जाता दुकानात फोन लावत होते — लागेना. दादाला लावला. तो त्याच्या दुकानात होता, माझ्यापेक्षा जवळ. एका दमात सांगितलं : वहिनींनी मशीन दिलंय, तो माणूस डिस्क पुसणार, सगळं जाईल, मेचा आवाज जाईल, धाव! पलीकडून फोन खाली पडल्याचा आवाज.

मी पोचले तेव्हा दादा तिथे होता. दोन जिने चढताना चारदा थांबणारा माणूस, तीन गल्ल्या पळत आला होता. काउंटरला धरून वाकलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. एका हातात मशीनची वायर. भिंतीतून उपटलेली.

दुकानदार, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, पुरता भांबावलेला. "ताई, हे कोण? आले, मी फोनवर बोलत होतो, यांनी नुसतं तोंड हलवलं, मला काही ऐकूच आलं नाही, आणि एकदम आत घुसून वायरच ओढली! असं करतात का? डिस्क जाईल ना!"

"पुसायला सुरुवात केली होती का?" मी विचारलं.

"पडद्यावर विचारत होतं, 'सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?' मी 'हो' दाबणार, तेवढ्यात फोन आला. दाबलं होतं का... नाही, बहुतेक नव्हतं दाबलं."

बहुतेक!

"आत काय आहे ते तरी आधी विचारायचंत," मी म्हटलं.

"विचारलं ना. बाई म्हणाल्या, काही विशेष नाही, बडबड आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. "मला वाटलं दुरुस्त म्हणजे दुरुस्तच करतात."

दादा त्यांच्याजवळ गेला, त्यांचं कोपर धरलं. रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही. मग वाकून मशीन स्वतः उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आणि घरापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. चाकाची पिशवी मी रिकामीच ओढत आणली.

ते सुरू करून बघायचं मला धाडस झालं नाही. दादा म्हणाला, "उद्या सकाळी. रजा टाक."

मंगळवार, १६ जून

रजा टाकली.

आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं बघितलं. तीन कप्पे. तिन्ही जागेवर! मोठ्याचं कुलूप शाबूत. दुकानदाराने 'हो' दाबलं नव्हतं. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, "आहे." त्या मटकन खालीच बसल्या.

मग पेन ड्राइव्ह काढला आणि तीन ओळी. यावेळी वही न बघता आल्या. निळा पडदा.

दादा खुर्चीत बसला. कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाला, "तुम्ही दोघी बाहेर जा."

"अहो, का?"

"जा म्हटलं ना."

स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. वहिनींनी नळ अर्धवट सोडलेला होता तो मी बंद केला, ऐकू यावं म्हणून. एक मिनिट. दोन. खुर्ची करकरली. मग — मशीन सुरू झाल्याचा तो तीन सुरांचा आवाज!

मी धावले. वहिनी नाही धावल्या, त्यांनी ओट्याला धरलं.

मी मोजल्या. बाराशे बारा फाइली. पहिली वाजवली : 'गच्चीवरच्या घड्याळात ढगांनी ठाण मांडलं.' भरदार, थोडा वैतागलेला, मार्चमधला दादा. बाराशे बारावी वाजवली : 'छत्री विसरलेला ज्योतिषी झाडाखाली फणस मोजत बसला.' ते जवळपास हवेनेच बोललेलं. दोन्हींत तीन महिने.

"ही वाक्यं ज्याने लिहिली," दादा म्हणाला, "त्याला आयुष्यात कुणाशी बोलायची वेळ आलेली नसावी."

आधी तीन ठिकाणी उतरवून घेतली. उतरवून — मग बाकीचं! मग आतून ग्रब पुन्हा नीट बसवलं, मेनूची फाइल नव्याने बनवली. दोन्ही सिस्टिम सापडल्याचं त्याने सांगितलं. मशीन पूर्ण बंद केलं. सुरू केलं.

यादी आली. दहा सेकंदांची उलटी मोजणी. वर पहिली ओळ उजळलेली. एवढीशी गोष्ट, चार ओळी, आणि मी चष्मा काढून डोळे पुसत होते.

तीनदा बंद-चालू करून बघितलं. दादा म्हणाला, "काटासुद्धा आम्ही तीनदाच तपासतो. चौथ्यांदा तपासणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो."

मी चौथ्यांदा तपासलं.

बुधवार, १७ जून

उद्या सकाळी सहाला दाखल व्हायचं. निदान कागदावर तरी. अजून त्याने 'येतो' म्हटलेलं नव्हतं.

उपचारबाईंचा फोन : "बाराशे पुष्कळ झाली. घसा ताणू नका." दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माइकसमोर बसला. मी बाहेर, दार बंद. तासाभरात चाळीस वाक्यं. शेवटच्या काहींत तर शब्द नव्हतेच, त्यांचे आकार होते.

आत गेले. आज सांगायलाच हवं होतं. ऑपरेशननंतर सांगितलं असतं तर ते उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसाला सांगणं झालं असतं.

सांगितलं. की त्या सात तारखेच्या रविवारी मी तीन कमांड दिल्या, वहीत दोनच आहेत, तिसऱ्या कमांडने मीच तो फोल्डर काढला असणार. की आठवडाभर मला हे माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. की माझ्यामुळे त्याचे सात दिवस गेले, नाहीतर सोळाशे सहज झाली असती.

दादा स्टँडवरचं पाच किलोचं वजन उगाच इकडेतिकडे सरकवत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"चुका होतात, शास्त्रज्ञबाई," शेवटी म्हणाला. "तुझ्याकडून जरा कमी होतात, म्हणून तुला जास्त टोचतात."

माफ केलं असं म्हणाला नाही. मीही मागायला गेले नाही.

मग त्याने माइकचं बटण बंद केलं. आपणहून. "पुरे."

"अजून तीनशे अठ्ठेचाळीस राहिली आहेत," मी म्हटलं. काय ही माझी सवय!

"राहू देत." आणि आत वळून, फाटक्या आवाजात, जेवढं जमेल तेवढ्या मोठ्याने, "अगं, ती बॅग कुठे ठेवलीस? माझा दाढीचा डबा टाक त्यात."

वहिनींच्या हातातलं भांडं खाली पडलं. कुणी उचललं नाही.

गुरुवार, १८ जून

साडेसात तास. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "निघाली. पूर्ण निघाली."

मंगळवार, २३ जून

गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो. पाटीवर लिहिलं, 'पाणी'. पुसलं. 'मशीन?' लिहिलं.

उपचारबाई म्हणतात, आवाज तयार होतोय, पुढच्या आठवड्यात घरी बसवून देतील.

आज वाटेत पुन्हा ती तिसरी कमांड आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवत.

मंगळवार, ३० जून

दादा घरी. आवाज बसवला. मागच्या खोलीतल्या रजया वहिनींनी काढून टाकल्यात, तिथे आता ऊन येतं.

आम्ही दोघी उभ्या. त्याने एका बोटाने सावकाश टाइप केलं, मग आम्हाला हाताने थांबा म्हणून खुणावलं, पुन्हा वाचून बघितलं, आणि एंटर दाबलं.

"तो फोल्डर मी पुसला. नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी. आदल्या रविवारी तू दाखवला होतास, हा गेला तर मशीन सुरू होत नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. पासवर्ड मला आठवत होता. तारीख टळावी असं वाटत होतं. मला भीती वाटत होती."

मार्चमधला आवाज. भरदार. फक्त शब्दांवरचा जोर जरा चुकीच्या जागी.

वहिनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून रडत होत्या. मी यादी मनातल्या मनात चाळत होते. बाराशे बावन्न वाक्यं, सगळी मी तपासलेली. 'भीती' त्यांत कुठेच नाही. तो शब्द त्याने कधी वाचलेला नाही. मशीनने तो इकडचे तिकडचे तुकडे जोडून केला. आणि सत्तेचाळीस वर्षांत दादाच्या आवाजात मी तो पहिल्यांदा ऐकला.